दिवाणजींची माफी

नव्वदच्या दशकात मी शाहूपुरीत एक खोली भाड्यानं घेतली आणि बाहेर बोर्ड लावला, ‘मोठ्या माणसांसाठी इंग्रजी व्याकरण व पत्रलेखन’. रंगाऱ्यानं ‘मोठ्या माणसांसाठी’ एवढं ठळक काढलं आणि बाकीचं इतकं बारीक, की पहिल्या आठवड्यात दोघे ढगळ पँटी विचारून गेले.

तिसरे आले ते शिकायला. गल्लीतल्या गुळाच्या अडतीवरचे दिवाणजी. पन्नाशी उलटलेली. अडतीचा पत्रव्यवहार आणि भांडणं दोन्ही त्यांच्याकडं, भांडणांत हातखंडा. एकदा माझ्यादेखत फोनवर एका गिऱ्हाइकाला म्हणाले, “पावणं, गूळ न्हाय पाघळला, तुमची नियत पाघळल्या!” पलीकडचा बिचारा माफी मागून मोकळा झाला.

पण थोरल्या मालकांच्या जागी मुलगा गादीवर आला. त्यानं गूळ दुबईला धाडायचं काढलं आणि दिवाणजींना सांगितलं, “काका, दिवाळीपर्यंत इंग्रजीत पत्रं जमली तर खुर्ची तुमची. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

आता माझं इंग्रजी. मी ते ज्या मास्तरांकडं शिकलो, त्यांच्या मते साहेबाला पत्र लिहायचं म्हणजे आधी कमरेत वाकायचं, मग पेन उघडायचं. मी तेच पुढं चालवलं. दिवाणजींच्या हातून क्रियापदं ओल्या साबणासारखी निसटायची, पण वाकणं मात्र लवकर जमलं.

“सर, ह्यात सगळं आपलंच चुकलंय असं दिसतंय की.”

“इंग्रजीत तसंच असतं, दिवाणजी,” मी ठोकून दिलं. एकही इंग्रज मी तोवर जवळून पाहिलेला नव्हता.

दिवाळी तोंडावर आली आणि दुबईहून फॅक्स आला. ढेपा भिजल्या, भरपाई द्या. माल इथून खडखडीत गेला होता. पेट्या दिवाणजींनी स्वतः उभं राहून भरून घेतल्या होत्या. पाणी शिरलं ते बोटीवर. उत्तराचा कच्चा मसुदा घेऊन ते माझ्याकडं आले. त्यात बोटीचं एक वाक्य होतं. व्याकरण लंगडं, पण वाक्य ताठ. मी त्यावर लाल काट मारली. म्हटलं, असं कुणावर ढकलणं शोभत नाही. त्याजागी, चूक सर्वस्वी आमची असून आम्ही शरमिंदे आहोत, अशा अर्थाचं एक झोकदार वाक्य घातलं. इतकं झोकदार, की मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. दिवाणजींनी मान डोलावली. फॅक्स गेला.

दुबईवाल्यानं पैसे अडवले आणि कबुली म्हणून आमचाच कागद उलट पाठवला.

त्या संध्याकाळी दिवाणजींनी वही उघडलीच नाही. “सर, त्यो मराठीत समोर असता, तर मी त्याला सोडला असता व्हय?”

मी म्हणालो, “उद्या मी मालकांना भेटतो. त्यांच्याशी भांडतो.”

रात्रभर मी भांडणाचा सराव केला, तोही इंग्रजीत, वजन पडावं म्हणून. सकाळी अडतीवर गेलो, तर दिवाणजींच्या खुर्चीत एक मुलगी टाइप करत बसलेली. धाकटे मालक उठून उभे राहिले. “या सर, बोला.” मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “सॉरी.” मग जरा घसा साफ करून म्हणालो, “व्हेरी सॉरी.” त्यांनी माझा हात हातात घेतला, दाबला आणि दारापर्यंत सोडायला आले.

समोर दिवाणजी सायकल धरून उभे होते.

“भांडलासा न्हवं?”

“माफी मागितली,” मी म्हणालो.

गल्लीत शटरं वर जात होती, हमाल जमायला लागले होते. दिवाणजींनी सायकल वळवली आणि घराकडं निघाले.