आईचा पाय आणि जावयाचा पाना

मसाका शहराच्या केळीबाजारात माझ्या आईला, नजेम्बाला, सगळे गाडीवाली म्हणतात. बाबा गेले तेव्हा भाऊबंद त्यांची जुनी पिकअप विकायला निघाले होते. आईनं किल्ली कमरेच्या पट्ट्यात खोचली आणि म्हणाली, "विका खुशाल, पण आधी ही काढून दाखवा." कुणाची छाती झाली नाही. मग ती स्वतःच गाडी शिकली. कशी शिकली ते आमच्या गोठ्याच्या भिंतीला विचारा.

अशा बाईला मेकॅनिक जावई मिळाला म्हणजे दुधात साखर, असं कुणालाही वाटेल. कसली साखर! आमच्यात सासू आणि जावई एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. माझा नवरा लुबोवा अंगणात आला की आई केळीत शिरते. एका छपराखाली बसायचं नाही, हातातून हातात काही द्यायचं नाही, एकमेकांच्या आसनावर तर नाहीच नाही. आता ड्रायव्हरची सीट हेच आईचं आसन. तिथं बसल्याशिवाय जावई क्लच तपासणार कसा? त्यामुळे घरात वैद्य असून आई दुखणं अंगावर काढत होती. पेडल मऊ पडलं की दणादणा पंप करायचं, दातओठ खाऊन गिअर टाकायचा. ती करकर लुबोवाला गॅरेजात ऐकू यायची.

"क्लचच्या नळीत हवा शिरलीय," तो मला म्हणायचा. "सांग ना तिला."

मी सांगितलं की आई फणकारायची, "जावयानं माझ्या गाडीला कान कशाला लावायचे? त्याला त्याची कामं नाहीत का?"

पहिल्या बाळंतपणाला मी आईकडे आले. कळा सुरू झाल्यावर गावच्या दवाखान्यातल्या नर्सनं पोट चाचपलं आणि तिचं हसू मावळलं. बाळ आडवं होतं. "मसाकाला न्या, ऑपरेशनच लागेल," ती आईला म्हणाली. "उशीर केलात तर दोघंही हाताशी लागायची नाहीत." दवाखान्याची गाडी दुसऱ्या कुणाला घेऊन गेली होती. मोटरसायकलवर बसण्यासारखी मी राहिले नव्हते. आईनं पिकअपच्या हौद्यात केळीची पानं पसरली, वर गादी टाकली, मला निजवलं आणि गाडी काढली. लुबोवा हत्यारांची पेटी बांधून मोटरसायकलवरून मागं. सासूशेजारी बसण्याचा प्रश्नच नव्हता.

दलदलीतल्या खचलेल्या मोरीपाशी आईनं वेग कमी केला, तेव्हा क्लचचं पेडल तळाला जाऊन बसलं आणि वर येईना. गाडी आचका देऊन बंद पडली. आजूबाजूला नुसतं लव्हाळं आणि बगळे.

"गिअरमध्ये ठेवून स्टार्टर मारायला सांग," लुबोवा मला म्हणाला. आई चार हातांवर होती, पण सांगायचं मी. आईनं स्टार्टर मारला. गाडीनं अशी उडी घेतली की मी गुरासारखी ओरडले. ती युक्ती पुन्हा कुणी काढली नाही.

त्यानं बॉनेट उघडलं. क्लचच्या डबीत तेल भरलेलं होतं, म्हणजे गळती नव्हती. त्यानं बोट बुडवून हुंगलं. "विचार तिला, यात काय ओतलं?"

"इंजिनचं ऑइल," आई बगळ्यांकडे बघत मला म्हणाली. "दुकानदारानंच दिलं. तेल ते तेल."

"अगं, यात ब्रेकचं तेल लागतं! इंजिनच्या ऑइलनं आतलं रबर फुगतं. सांग तिला..."

"तूच सांग!" मी किंचाळले. "मी काय तुमचं टपाल खातं आहे?"

लुबोवानं क्लचचा खालचा सिलिंडर सोडवला. आतलं रबर फुगून अडकलं होतं. पेटीतलं एक वापरलेलं रबर त्यानं तिथं बसवलं. वरच्या सिलिंडरचं मसाकापर्यंत तग धरेल, म्हणाला. घाण तेल काढून ब्रेकचं तेल भरलं. आता राहिली हवा. ती काढायला माणसं दोन लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं गाडीखाली स्क्रू सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे आणि पेडल सुटायच्या आत तो आवळायचा. लुबोवानं दाराबाहेर उभं राहून पेडलला काठीचा टेकू दिला. काठी सटकली, हवा परत आत. पुन्हा दिला, पुन्हा सटकली.

आईनं ते पाहिलं. मुकाट्यानं सीटवर चढून बसली. खाली जावई उताणा, वर सासू. याला आमच्यात काय म्हणतात ते मी लिहिणारसुद्धा नाही.

"आई, दाब म्हणतो," मी हौद्यातून सांगितलं.

"दाबलं म्हणावं."

"दाबलंय रे!"

"धरून ठेवायला सांग. हं, आता सोड म्हण."

असं थोडा वेळ चाललं. मग मोठी कळ आली आणि माझी वाचाच गेली. खाली तो थांबलेला, वर ती थांबलेली, मधे मी ओठ चावत पडलेली. या दोघांच्या मर्यादेपायी माझं बाळ या चिखलात मरणार, असं वाटून मला संतापानं रडू फुटलं.

"आई, दाबा!" गाडीखालून आवाज आला.

मग वरून आलं, "दाबलं, बाळा!"

"धरा. सोडा. दाबा."

"दाबलं. गुडघा भरून आलाय रे माझा."

"थोडंच राहिलंय, आई. बुडबुडे कमी झालेत."

"तू स्क्रूकडे बघ. गुडघ्याचं मी बघते."

पेडल घट्ट झालं. गिअर आवाज न करता पडला आणि गाडी इतकी अलगद हलली की निघालो हे मला बगळे मागं जाताना दिसल्यावर कळलं.

पुढचं मला मसाकाच्या दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं. ऑपरेशन झालं, मुलगी रडली, मीही वाचले. नर्सनं बाळ आईच्या हातात दिलं. लुबोवा लांब भिंतीकडे तोंड करून उभा होता. "बापाला दाखवा की," नर्स म्हणाली. रीतीप्रमाणे बाळ कुठंतरी ठेवायचं आणि त्यानं उचलायचं. आईनं बाकाकडे पाहिलं. तो नुकताच धुतलेला, ओला होता. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "धर. मान सांभाळ," म्हणाली. त्याच्या तेलानं काळ्या झालेल्या बोटांत तिची बोटं अडकली, आणि बाळ नीट सावरेपर्यंत तिनं ती काढली नाहीत.

सासू-जावयाचा असा स्पर्श झाला की म्हातारपणी हात कापतात, असं आमच्याकडे मानतात. आईचे हात आता खरंच कापतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. बाजारातल्या बायका एकमेकींना कोपर मारतात. मी त्यांच्यावर खेकसते, वय झालंय तिचं, दुसरं काही नाही. आई मात्र मला गप्प करते.

"त्या दिवसाचंच आहे ते," ती म्हणते. "स्वस्तात सुटले."