घेण्यास नकार

पोस्टमनच्या गाडीचा आवाज आला की मी आतल्या खोलीत पळायचे. नवऱ्यानं घटस्फोटाची केस टाकल्याचं कानावर आलं होतं, कोर्टाची नोटीस तेवढी यायची बाकी होती. मी लेकीला घेऊन ईट गावी माहेरी राहत होते. चुलत्यांनी मला कायदा सांगितला, "सही करू नगंस. तुजी सही न्हाय तर फारकत न्हाय." चुलते एकदा जमिनीच्या मोजणीसाठी तालुक्याला जाऊन आले होते, त्यामुळे आमच्या घरातले वकील तेच.

मी सात वर्षांच्या लेकीला पढवलं. पोस्टमन आला की दारात जाऊन म्हणायचं, "आई घरी न्हाय." दोनदा तिनं ते चोख केलं. तिसऱ्यांदा मी अंगणात धुणं वाळत घालताना सापडले. "घेत न्हाय म्या," म्हणाले आणि पाठ फिरवली. त्यानं पाकिटावर काहीतरी लिहिलं आणि गेला. मी जिंकले, असं समजून त्या दिवशी शिरा केला.

पुढं दोन महिने काहीच आलं नाही. त्या शांततेचीच भीती वाटायला लागली, म्हणून चुलत्यांना घेऊन तालुक्याच्या वकीलबाईंकडे गेले. त्या कोर्टात जाऊन फाईल बघून आल्या.

"पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा आहे," त्या म्हणाल्या. "नाकारली म्हणजे तुम्हाला नोटीस मिळाली, असंच कोर्ट धरतं. तुमच्याशिवाय केस पुढं गेली. एकतर्फी."

"आन् हिची सही?" चुलत्यांनी विचारलं.

"सही लागतच नाही, काका. आणि त्यांनी मुलीचा ताबाही मागितलाय."

नवऱ्याचं मला काही वाटलं नाही. लेक जाणार, एवढंच कळलं. निकाल लागलेला नव्हता, हेच नशीब. कोर्टाच्या पुढच्या तारखेपर्यंतचे आठ दिवस मी तिला शाळेत पाठवलं नाही. कोणीतरी कागद दाखवून तिला घेऊन जाईल, असं सारखं वाटायचं.

कोर्टात शिपायानं माझं नाव पुकारलं, तेव्हा मी बसूनच राहिले. वकीलबाईंनी ढोसलं, मग कसंबसं "हजर" म्हटलं.

"नोटीस का घेतली नाही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"भ्याले होते, साहेब."

त्यांनी फाईल पुढं ओढली. मग एकतर्फीचा हुकूम रद्द करून माझं म्हणणं मांडायला मुदत दिली. केस अजून चालूच आहे आणि भीतीही गेलेली नाही.

परवा पोस्टमनची गाडी पुन्हा दारात थांबली. मी भाकरी थापत होते. लेक सवयीनं धावत गेली आणि ओरडली, "आई घरी न्हाय!"

"हाय! हाय! म्या हाय घरी!" मी पिठाच्या हातांनी बाहेर पळाले. पोस्टमन दचकलाच. रजिस्टर पाकीट चुलत्यांच्या नावचं निघालं. तरी एका हातानं लेकीचं मनगट घट्ट धरून मी सही केली.