छापण्याआधी दारात येणाऱ्या संपादक

राऊत मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजात नव्हे, नवापूरला आमच्याच अंगणात. आई बोंबील वाळत घालत होती. बोईसरहून रिक्षाने आलेल्या या बाई भर उन्हात तिच्याशेजारी उभ्या राहिल्या आणि पिशवीतून कागद काढून म्हणाल्या, "तुम्हाला विचारायला कुणी प्राध्यापक आले होते का?"

"कोन प्राध्यापक? नाय बाय. माजी पोरगीच इचारत फिरते गावात."

मॅडमनी कागदातलं एक वाक्य वाचलं, "पाऊस आला का बोंबील उचलून घरात नेतात, आमाला कोन नेत नाय."

आई चमकली. "अगो बाय, हे तर मीच बोललेली!"

मी दारातच होते. सुकी मासळी विकणाऱ्या बायकांवर मी पीएच.डी. करत होते. त्यातलं एक प्रकरण मार्गदर्शक सरांना तपासायला दिलं होतं. ते त्यांच्या एकट्याच्या नावाने मॅडमच्या संशोधनपत्रिकेकडे छापायला गेलं होतं. माझ्या पायाखालची वाळूच सरकली.

ही पत्रिका मॅडम पालघरहून चालवत. चोरी पकडणारं सॉफ्टवेअर त्यांच्याकडेही होतं. पण त्या म्हणत, "ते छापलेल्याशी ताडून बघतं. न छापलेलं चोरलं तर त्याला काय कप्पाळ कळणार?" म्हणून गावपाहणीवरचा लेख आला की त्या स्वतः त्या गावात जात, कधी चिंचणीला, कधी वैतरणेच्या खाडीकाठी. गुडघे दुखत तरी जात. विद्वान मंडळी हसायची. हसणाऱ्यांतले कितीतरी आज मॅडमच्या या गौरवग्रंथात त्यांच्या साक्षेपाचं कौतुक करतील. करोत बापडे!

मॅडमनी लेख परत पाठवला आणि पुढच्या अंकात कारणासकट तसं जाहीर केलं. सरांचे हात वरपर्यंत पोचलेले. 'खुलासा मागे घ्या' म्हणून मॅडमवर दडपण आलं. त्यांनी घेतला नाही. पत्रिकेला पैसे पुरवणाऱ्या संस्थेने आधार काढून घेतला आणि पत्रिका बंद पडली. इकडे सरांनी मला वाऱ्यावर सोडलं. दुसरं कुणी मला विद्यार्थिनी म्हणून घ्यायला धजेना. शेवटी बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात लागले, आजही तिथेच आहे.

एकदा मी मॅडमच्या घरी जाऊन खूप बोलले. "कशाला अडवलात लेख? गप्प बसला असतात तर निदान पदवी तरी मिळाली असती माझी!"

मॅडमनी आवाज चढवला नाही. "तुझं नुकसान झालंय, मी नाही कशी म्हणू? पण तुझ्या आईचं बोलणं त्यांच्या नावावर मी माझ्या हाताने छापायचं होतं का ग?" मग त्यांनी मला जेवायला वाढलं. मी रडत जेवले. त्यानंतर दर दिवाळीला त्यांचा फोन येतो, "लिहितेस ना?" मी खोटंच "हो" म्हणते.

गौरवलेखात विजयाची गोष्ट सांगायची असते. माझ्याकडे ती नाही. तोच लेख पुढे दुसऱ्या पत्रिकेत सरांच्या नावाने जसाच्या तसा आला. मॅडमनी तिथे पत्रांवर पत्रं धाडली. कुणी पोच दिली नाही. आता त्या प्रकरणाचे माझे कागद कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये घातले, तर चोर मीच ठरते.

आई गेल्या वर्षी वारली. गावातल्या ज्या बायका माझ्याशी बोलल्या होत्या, त्यांतल्याही बहुतेक गेल्या. ते काम माझं होतं, हे आईच्या तोंडून ऐकलेलं एकच माणूस आता उरलंय. म्हणून पंचाहत्तरीनिमित्त मॅडमना दीर्घायुष्य चिंतताना त्यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. मॅडम, तब्येतीला जपा, गुडघ्यांवर इलाज करून घ्या आणि खूप जगा. तुम्ही गेलात, तर तो लेख खरोखरच सरांचा होईल.