हात लावून बघा

पत्र्याच्या धंद्यातला माणूस वस्तू आधी बघत नाही, आधी वाजवतो. वर्धा रोडवरच्या त्या मोठ्या शोरूममध्ये शिरल्यावर मीही पहिल्या टेबलावरच्या लॅपटॉपच्या झाकणावर टिचकी मारली. आवाज आला तो बिस्किटाच्या डब्याचा. दुसरा एका कोपऱ्यानं धरून उचलला, तो लवला. तिसऱ्याच्या कीबोर्डवर मधोमध अंगठा दाबला, तर बटणांसकट सगळी पाटी खाली गेली.

"एवढा पातळ पत्रा मी कूलरच्या मागच्या बाजूलेही लावत नाही," मी बायकोला म्हणालो.

"त्याच्यात पाणी नाही भराचं आपल्याले," ती म्हणाली.

हुडकेश्वरला आमचा कूलरचा कारखाना आहे. पत्रा मी बघतो, हिशेब ती बघते. बिलं आम्ही बाहेरून करून घेत होतो. या वर्षी सीझन संपल्यावर तिनं सांगून टाकलं, की पुढच्या उन्हाळ्याआधी मशीन आपलं पाहिजे. तिची अट एकच होती. कीबोर्डच्या उजव्या हाताला आकड्यांची वेगळी पट्टी हवी, कारण दिवसभर तिला आकडेच टाकायचे असतात. माझी अट नेहमीची. धंदा सुरू केल्यापासून लेबलवर लिहिलेला भाव मी कुठेही दिला नव्हता, दवाखान्यातसुद्धा नाही.

घाई नव्हती, म्हणून आधी सगळं हाताळून घेतलं. घडी होणारा फोन उघडला, मिटला, मधल्या रेषेवर नख फिरवलं. खाच लागते. कुठल्याही वस्तूत सगळ्यात आधी बिजागरी मरते, आणि इथे लोक बिजागरीचेच जास्त पैसे मोजतात. काचेच्या पाटीवर पेननं लिहून पाहिलं. माझं अक्षर कागदावर जेवढं वाईट आहे तेवढंच तिथेही आलं. मग एक बोलणारा डबा होता. बायकोनं त्याला विचारलं, "काय गा, आज नळ येईन काय?" त्यानं थोडा विचार केला आणि हिंदीत माफी मागितली.

"माफी तरी मागते," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा बरा आहे."

पुढच्या टेबलावर मनगटी घड्याळं होती. एक बांधून पाहिलं. त्यात माझ्या छातीचे ठोके दिसत होते आणि ते अगदी शांत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"हात लावून बघा साहेब, अगदी मोकळेपणानं. डेमोसाठीच ठेवलंय. लक्षात येतंय?"

वळून बघायच्या आधीच मी ओळखलं. "लक्षात येतंय?" असं प्रत्येक वाक्याच्या शेपटाला बांधणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला होता.

मी खाप्याहून नागपुरात आलो तेव्हा इतवारीत एका पत्र्याच्या दुकानात पत्रे कापायचो. पुढे सगळी बिलं कॉम्प्युटरवर होतील, असं शेठ एकदा बोलला. ते मी मनावर घेतलं. सीताबर्डीत एका जिन्यावर क्लास होता, तिथे नाव घातलं. पूर्ण फी एकरकमी भरली. घासाघीस केली नाही, कारण तेव्हा ती येत नव्हती. त्या काळी कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघर. चपला बाहेर, खाली गालिचा, एसी, मशीनवर कापडाची खोळ. माझी पाळी आली, मी हात पुढे केला आणि सर म्हणाले, "आधी हात धुऊन ये."

धुऊन आलो. पत्र्याच्या धारेनं बोटांना चिरा पडतात, त्यांत वंगण आणि रंग बसतो. तो साबणानं निघत नाही. सरांनी माझी बोटं पेनच्या टोकानं उलटीसुलटी करून पाहिली, स्वतःचं बोट लागू दिलं नाही. "अजून धुऊन ये." वर्ग हसला. मी पुन्हा धुऊन आलो. तेव्हा ते म्हणाले, "असं कर, तू नुसतं बघ. बघूनही शिकता येतं. लक्षात येतंय?"

पूर्ण कोर्सभर मी दुसऱ्यांची बोटं बघितली. परीक्षेला सरांनी माझ्या जागी दुसऱ्याच एकाला बसवलं. मी त्याच्या खुर्चीमागे उभा राहून उत्तरं सांगितली, त्यानं टाइप केली. पास झालो. पैसे पूर्ण घेतले आणि माल दिला नाही, याला धंद्यात जे म्हणतात तेच मी त्याला आजही म्हणतो.

ते सर आता माझ्यासमोर निळा टी-शर्ट घालून उभे होते. छातीवर एका लॅपटॉप कंपनीचं चिन्ह. केस काळे केलेले, मुळाशी पांढरे. ही माणसं शोरूमची नसतात. प्रत्येक कंपनी आपल्या टेबलाजवळ आपला माणूस उभा करते, आणि त्याच्या टेबलावरून किती मशीन गेली यावर त्याचं पोट चालतं. सरांनी मला ओळखलं नव्हतं. मीही ओळख दिली नाही.

"आम्हाले हिशेबाले पाहिजे," मी म्हणालो. "आकड्यांची पट्टी असलेला."

त्यांनी बरोबर तसाच आणून ठेवला. बायकोनं खुर्ची ओढली, उजवा हात आकड्यांवर ठेवला आणि न बघता भराभर टाकू लागली. मीही झाकण वाजवलं. पत्रा खरंच चांगला होता. लवत नव्हता, बिजागरी घट्ट होती.

"हा चांगला आहे," ती म्हणाली. "घेऊन टाका."

"थांब वं."

मग मी सुरुवात केली. हा रंग नको, दुसरा दाखवा. सर जिना चढून वर गोडाऊनमध्ये गेले, खोकं घेऊन आले. हा जास्तच चमकते, तो पहिलाच आणा. पुन्हा गेले. पायऱ्या चढताना ते कठड्याला धरत होते. चार्जर किती गरम होते ते दाखवा, म्हटलं. टेबलाखाली प्लगचं बटण होतं, सर गुडघ्यांवर बसून खाली शिरले, वायर लावली, बाहेर आले तेव्हा टी-शर्टला जाळं लागलं होतं. मी चार्जरला हात लावला आणि म्हणालो, "थांबा, अजून गरम व्हाचा आहे." आम्ही तिघंही चार्जर गरम व्हायची वाट बघत राहिलो.

पुढे बॅग मागितली. मग माउस. मग एक वर्षाची जास्तीची गॅरंटी. प्रत्येक मागणीला सर बाजूला जाऊन त्यांच्या वरच्याला फोन लावायचे. "सर, पार्टी सामने बैठी है सर. थोडा देख लीजिए ना सर." त्यांच्या तोंडून एवढ्या वेळा सर ऐकायला मला फार बरं वाटत होतं. म्हणून मी मागत राहिलो.

"काहून सतावून राहिले त्याले?" बायको हळूच म्हणाली. "वयाचा माणूस आहे."

"माझ्याहून फार मोठा नाही."

"मंग तुम्ही चढून दाखवा तो जिना."

शेवटी मी भावाला हात घातला. मी बोललेला आकडा ऐकून सरांनी आजूबाजूला पाहिलं. मग खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, खरं सांगतो. आज महिन्याचा शेवटचा दिवस. मला एक मशीन कमी पडतंय. मागचे दोन महिनेही टार्गेट चुकलं. आजही राहिलं, तर कंपनी उद्यापासून हे टेबल दुसऱ्याला देते. या वयात मला कोण घेणार? माझं यातलं कमिशन मी तुम्हाला सोडतो. मला पैसे नकोत, फक्त नंबर हवा. लक्षात येतंय?"

माझ्या लक्षात आलं. सौद्यात स्वतःची गरज जो आधी सांगतो तो हरला, हे मी इतवारीत पहिल्या वर्षी शिकलो होतो. या माणसाला एवढी वर्षं कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी फोन केला, बोलले, परत आले. भाव माझ्या मनातल्या आकड्याच्याही खाली आला होता. बॅग, माउस, गॅरंटी, सगळं त्यातच. बायकोनं पर्समधून कार्ड काढलं.

मी विचारलं, "सर, मले ओळखलं काय?"

नाही म्हणाले असते, तर मी मशीन घेतलं असतं. वर्षाला शेकडो पोरं हाताखालून जातात, चेहरे कोण लक्षात ठेवतो? एवढं मलाही समजतं.

सर माझ्याकडे बघत राहिले.

"सीताबर्डीले तुमच्या क्लासमध्ये होतो मी."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे! म्हणजे काय, ओळखलं की! मघापासून वाटतच होतं, चेहरा ओळखीचा आहे म्हणून." मग ते बायकोकडे वळले. "वहिनी, सांगतो तुम्हाला, वर्गात यांच्यासारखा विद्यार्थी नव्हता. कीबोर्डवरून हात निघायचा नाही यांचा! मी बाकीच्यांना सांगायचो, हात बघा याचा, कसा चालतो!"

बायकोला ही गोष्ट लग्नापासून पाठ आहे. तिनं कार्ड हळूच परत पर्समध्ये ठेवलं. मला ओळखते ती.

मी उठलो आणि शेजारच्या टेबलाकडे गेलो. ते दुसऱ्या कंपनीचं होतं. तिथे लाल टी-शर्टमधली एक मुलगी मोबाइल बघत उभी होती.

"हा केवढ्याले?"

तिनं लेबलवरचा भाव सांगितला.

"दे."

"काका, यावर थोडं डिस्काउंट बसतं, मी विचारून..."

"मागितलं काय मी?"

हे मी मुद्दाम मोठ्यानं बोललो. लेबलवरचा भाव, पुरता, क्लासच्या त्या फीनंतर मी पहिल्यांदा दिला. बायको मागून आली आणि मशीनकडे बघून म्हणाली, "याच्यात आकड्यांची पट्टी नाही."

"वरच्या ओळीत आहेत आकडे."

"ते मलेही दिसून राहिले."

सर आपल्या टेबलाजवळ तसेच उभे होते. एका हातात आमची बॅग, दुसऱ्या हातात माउसचं खोकं. "साहेब, माझं काही चुकलं का? अजून काही हवं होतं का? मी बोलतो ना वर..."

हे वाक्य मी वर्षानुवर्षं धार लावून ठेवलं होतं. "सर," मी म्हणालो, "तुम्ही नुसतं बघा. बघूनही शिकता येते."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. काहीच झालं नाही. त्यांना तो दिवस आठवला नाही, ती बोटं आठवली नाहीत, काहीच आठवलं नाही. गिऱ्हाईक विक्षिप्त निघालं, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि ते दरवाज्याकडे बघू लागले, अजून कोणी येतं का. एवढी किंमत मोजली आणि वाक्य वाया गेलं. याचा राग मला मशीनच्या भावापेक्षा जास्त आला.

ती मुलगी उत्साहानं मशीन चालू करून देत होती. "काका, बोट ठेवा इथे. मग पासवर्डची गरज नाही, बोटानंच उघडेल."

ठेवलं. मशीननं नाही म्हटलं. दुसरं बोट ठेवलं. तेही नाही. पत्र्यानं आणि थिनरनं माझ्या बोटांवरच्या रेषा केव्हाच खाल्ल्या आहेत, आधारच्या वेळीही हाच तमाशा झाला होता.

"काका," ती मुलगी गोड आवाजात म्हणाली, "हात जरा धुऊन येता का?"

मी बोट तसंच दाबून धरलं. बोलायला गेलो असतो तर ओरडलोच असतो, आणि तिचा काही दोष नव्हता. पण शेजारच्या टेबलावरून सरांनी ऐकलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं, मदत करायची म्हणून, त्यांनी हात करून दाखवलं. "बेसिन जिन्याखाली आहे साहेब. साबण पण आहे."

बायकोनं माझा हात धरून बाजूला केला आणि आपलं बोट ठेवलं. मशीन लगेच उघडलं.

ते आजही तिच्याच बोटानं उघडतं. मला काही बघायचं असलं की तिला हाक मारावी लागते. ती वरच्या ओळीतले आकडे एकेक शोधून टाकते, आणि बिल चुकलं की माझ्याकडे न बघता म्हणते, "गरंटी, बॅग, माउस." तेवढंच. पुढचं मला पाठ आहे.

काही आठवड्यांनी मी एकटाच त्या शोरूममध्ये गेलो. निळ्या टेबलाजवळ एक तरुण उभा होता, टी-शर्टची घडी अजून मोडलेली नव्हती.

"इथे एक वयस्कर साहेब होते," मी म्हणालो.

"वो अंकल? वो तो गए. मेरेको उनकी जगह भेजा कंपनीने." मग त्यानं मशीन माझ्याकडे वळवलं. "आप हाथ लगा के देखिए ना."

मी झाकणावर टिचकी मारली. तेच मशीन होतं, आकड्यांची पट्टी असलेलं, न लवणारं. भाव विचारला. सरांनी त्या दिवशी दिला होता त्याच्या बराच वर सांगितला.

"महाग सांगून राहिला गा," मी म्हणालो आणि खुर्ची ओढली. "दुसऱ्या रंगात दाखव."