चौथा डबा

सायली जाधववर अन्याय झाला तो २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये, एका रविवारी, सकाळी ११.४० वाजता. त्या मिनिटाला आमच्या ग्रुप लीडरने वायरलेसवर कळवलं, "तर, शेवटची गल्ली रिकामी. यादी पूर्ण." सायली त्याच गल्लीत, तळघरातल्या खोलीत झोपली होती. दोनशे मीटरवर दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब होता.

जर्मनीतल्या न्युरेम्बर्गला खेटून असलेलं हे छोटं गाव. फौज सोडून मी इथे शिकायला आलो आणि गावाच्या स्वयंसेवी फायर ब्रिगेडमध्ये नाव घातलं. पाया खणताना असे बॉम्ब इथे अजून निघतात. पद्धत ठरलेली. घरोघर बेल वाजवायची, नगरपालिकेच्या यादीवर खूण करायची, लोकांना शाळेच्या जिममध्ये आणायचं. बारा वाजता बॉम्ब निकामी करायचं काम सुरू होणार होतं.

जिममध्ये माझी ड्यूटी. समोर त्याच गल्लीतलं मराठी कुटुंब: कुलकर्णी काका, काकू, त्यांची मुलगी ईशा. यादीत तीन, हजर तीन. काकूंनी पिशवीतून डबे काढले. चार.

"काकू, चौथा कुणाचा?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. "अहो, सांगून टाका."

"काय सांगू? गेली असेल ती सकाळीच."

ईशा जर्मनमध्ये बोलून गेली, "कुठे गेली? सायली झोपलीय. खाली."

"शनिवारी हॉस्पिटलात रात्रपाळी असते रे तिची," काकू म्हणाल्या. "फोन लागत नाहीये."

"यादीत का नाही?"

"घरमालकाला पोटभाडेकरू चालत नाही, म्हणून नगरपालिकेत तिची नोंद केली नाही," काका म्हणाले. "तू आता मला कायदा शिकवू नकोस."

मी वायरलेस सेट उचलला. "काम थांबवा. घर नंबर नऊ, तळघर, एक व्यक्ती."

"यादीत नाही," पलीकडून ग्रुप लीडर म्हणाला.

"यादी चुकली. एक व्यक्ती. ओव्हर."

ब्रिगेडचे दोघे तळघराचं दार उघडेपर्यंत ठोठावत राहिले; १२.०५ ला सायली त्यांच्यासोबत जिममध्ये आली. पायात चपला, अंगावर ब्लँकेट.

"बेल ऐकली नाहीस?"

"दोनदा ऐकली, दादा. पण काकांनी सांगितलंय, बेल वाजली तरी दार उघडायचं नाही."

काका जमिनीकडे बघत राहिले. बघू देत.

मी डबे का मोजले, तेही सांगतो. २०१२, उत्तरेकडची एक पोस्ट, पहाटेची वेळ. बर्फाचा कडा बराकीवर कोसळला. मी लेफ्टनंट होतो. गिनती घेतली आणि वरिष्ठांना कळवलं, "अठरापैकी अठरा, सर." नाईक विठ्ठल शेलार आदल्या संध्याकाळी रेडिओ दुरुस्त करायला खालून आमच्या पोस्टवर आला होता. त्याचं नाव हजेरीच्या रोलवर सकाळी चढवू, असं मीच म्हणालो होतो. चाळीस मिनिटांनी लंगरमधल्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातल्या, कुकला चहाचा एक मग जास्त दिसला. आम्ही खणलं. उशीर झाला होता.

तेव्हापासून मी यादीवर विश्वास ठेवत नाही. चहाचे मग मोजतो, डबे मोजतो.

शेलारचं नाव आता युनिटच्या स्मारकावर आहे. तुमच्या तळघरात कुणी राहत असेल, तर घरमालकाशी बोला, नगरपालिकेत नोंदणीचा कागद द्या आणि त्या माणसाचं नाव बेलवर लावा. आजच.