विलासचा ड्रम

सुलतानपूरच्या स्टॉपवर एसटी थांबली तेव्हा बाबांनी माझी वळकटी स्वतः आत टाकली आणि खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "भाव कर, पण भांडू नको." माझं डोकं किती लवकर तापतं हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मी बुलढाण्याला जुन्या मोटारसायकली विकणाऱ्या दुकानात कामाला चाललो होतो. सकाळी निघालं की दुपारी पोहोचतं माणूस. पण आमच्या घरातून गाव सोडणारा मी पहिलाच, म्हणून गाडी वळेपर्यंत ते उभे होते.

तुमच्यातले जे पुण्याला, सुरतेला गेले ते सांगतात की परक्या मुलखात फार सोसावं लागलं. मला सोसायला लावलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने. विलास त्याचं नाव, धाड गावचा, शेतकऱ्याचा मुलगा, एका कचेरीत कारकून. खोली आम्हा दोघांत होती.

हा प्राणी साबण वापरण्याआधी साबण धुवायचा. दाराची कडी रुमालाने धरायचा. केळं सोलून ताटलीत ठेवून चमच्याने खायचा. मी "मले" म्हटलं की डोळे मिटून घ्यायचा आणि म्हणायचा, "'मला' म्हणा हो, कानाला त्रास होतो." धाडमध्ये जन्मभर काय पुस्तकातलं बोलत होतास का, असं मी विचारलं की कपाटात तोंड घालून इस्त्रीचे शर्ट मोजत बसायचा.

दर रविवारी त्याची आई बाजाराला यायची. भाकरी, ठेचा, मेथीच्या जुड्या आणायची. हा स्टँडवर जाऊन पिशवी घ्यायचा आणि तिला तिथूनच परत धाडच्या जीपमध्ये बसवायचा. दोन वर्षांत ती माउली आमचा जिना चढली नाही. खोलीवर आला की आधी पिशवी धुवायचा, मग भिंतीकडे तोंड करून भाकरी खायचा. चव मात्र गावाचीच लागायची साहेबांना.

बुलढाण्यात नळ आठवड्याने येतो, कधी दहा दिवसांनी. त्यामुळे खोलीत दोन ड्रम होते, निळा माझा, पांढरा त्याचा. त्याच्या ड्रममधून पाणी काढायचं ते लांब दांड्याच्या ओगराळ्याने, तेही त्यानेच. एवढ्यावर मी तडजोड केली होती. वेड्याशी सौदा करताना दोन गोष्टी सोडाव्या लागतात.

उन्हाळ्यात बाबा दोन दिवस राहायला आले. अंगभर घामाने भिजलेले. मी त्यांची पिशवी रिकामी करत होतो. त्यांनी समोर दिसलेल्या पांढऱ्या ड्रमचं झाकण काढलं आणि घरी रांजणात बुडवतो तसा पेला थेट आत बुडवला. विलास पाहत होता. बाबांचं पाणी पिऊन होईपर्यंत तो थांबला. मग त्याने ड्रम कलता केला आणि सगळं पाणी मोरीत ओतून दिलं.

बाबांना कळेचना. म्हणाले, "काय झालं बे? ड्रम फुटला का?"

"हात बुडाला त्यात," विलास म्हणाला.

बाबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. त्याच हाताने त्यांनी चार एकर कसलं आणि मला शिकवलं. मी विलासची कॉलर धरली.

"सोड त्याले," बाबा म्हणाले. "माही चूक झाली."

ते तीनच्या गाडीने परत गेले. दोन दिवसांचे कपडे घडीतच राहिले.

नळ यायला अजून पाच दिवस होते. दिवेलागणीला विलास हातात बादली घेऊन माझ्या निळ्या ड्रमपाशी उभा. "थोडं पाणी मिळेल का?"

इतकं निर्लज्ज गिऱ्हाईक मी नंतरही पाहिलं नाही. पण भाव सांगणं माझ्या रक्तात आहे. म्हटलं, "अर्धा ड्रम घे. रविवारी आईले वर आण आणि तिले तुह्या ड्रमात पेला बुडवून पाणी पिऊ दे."

त्याने बादली ठेवली आणि पाण्याचा जार विकत आणायला गेला. पाच दिवस जारच्या पाण्याने अंघोळ केली, पण सौदा केला नाही. त्याच आठवड्यात मी खोली सोडली.

आज बुलढाण्यात माझं दुकान आहे, चार खोल्यांचं घर आहे, गच्चीवर टाकी आहे. लोक म्हणतात, आता इथलाच झालास. बाबा वर्षातून एकदा येतात. स्वयंपाकघरात रिकामा पेला घेऊन उभे राहतात आणि माझ्या बायकोला विचारतात, "यातलं घेऊ ना?" ज्या घरात बापाला पाण्यासाठी विचारावं लागतं त्याला मी घर कसं म्हणू?

मागच्या खेपेला मी चिडलोच. "विचारता काऊन हो बाबा? घर तुमचंच हाय."

"तुहं हाय," ते म्हणाले, "म्हणून तं विचारून राह्यलो."