‘जाते’ म्हणायचं नाही

वच्छलाच्या हाती ते पुस्तक आलं नवऱ्याच्या कंटाळ्यामुळं. चौऱ्याहत्तर साली वेणीमाधवांच्या मिलमध्ये इटलीहून नवे माग आले, ते बसवायला एक इंजिनिअरही आला. त्याच्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून वेणीमाधवांनी इंग्रजांसाठी लिहिलेलं इटालियन शिकायचं पुस्तक आणलं, दोन पानं चाळली आणि फडताळात टाकलं. वच्छला मॅट्रिक झालेली. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की ती पुस्तक घेऊन बसायची.

‘त’ म्हणताना जीभ दातांना टेकवा, असं त्यात इंग्रजांना बजावलेलं होतं. आता ती दुसरीकडे कुठं टेकायची? शेवटचा स्वर गिळू नका, जोडाक्षर दाबून म्हणा, असंही होतं. शेजारच्या नागव्वानं ज्वारी निवडता निवडता ‘नोन्ना’ म्हणजे आजी, हे ऐकलं आणि असं ठसठशीत म्हणून दाखवलं की वच्छला हसायला लागली.

“नागव्वा, तुझं माहेर अक्कलकोटचं की इटलीचं गं?”

“कुटलं का आसंना. आजी ती आजीच की.”

इंजिनिअरची बायको ओर्नेला मिलच्या बंगल्यात दिवसभर एकटी असायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, मराठी तर नाहीच. एके दुपारी वच्छला धपाटी घेऊन गेली आणि दारातच म्हणाली, “बुओनजोर्नो.” ओर्नेलानं तिला हाताला धरूनच आत नेलं. मग दोघी घरभर वस्तूंना बोटं लावत हिंडल्या. पाणी म्हणजे आक्क्वा, खिडकी म्हणजे फिनेस्त्रा.

निघताना वच्छला अडली. पुस्तकात ‘वादो’ होतं, म्हणजे जाते. दुसऱ्याच्या दारातून निघताना ‘जाते’ कसं म्हणायचं? तिनं ‘येते’ला शब्द आठवला आणि म्हणाली, “वेंगो.”

पुढं नवरात्र आलं. घट, माळा, सवाष्णी. तिला सवड झाली ती दसऱ्यानंतरच. बंगल्यावर गेली, तर ओर्नेलानं दार अर्धंच उघडलं. “वेंगो,” ती तुटकपणे म्हणाली, आणि टेबलावरच्या दोन कपांकडे, मग खिडकीकडे बोट केलं.

वच्छलाच्या लक्षात आलं. आत्ता येते असं समजून ही बाई त्या दिवशी कॉफी करून वाट बघत बसली होती. आता हे समजावायचं कसं? पुस्तकात एवढे शब्द कुठले. एवढ्याशा गोष्टीवरून ही ओळख तुटायला नको होती.

तिनं पदर खोचला. “वादो,” म्हणाली, डोळे मिटले आणि हात वर आकाशाकडे केला. मग मान हलवून नाही म्हणाली. “वेंगो,” म्हणाली आणि उंबरठ्याबाहेर गेली, आत आली. परत बाहेर, परत आत.

ओर्नेला बघत राहिली. मग तिनं दार पूर्ण उघडलं आणि कॉफीचं भांडं स्टोव्हवर ठेवलं.

पुढं मिलमधले नवे माग बसले, चालू झाले. जायच्या दिवशी ओर्नेला गाडीत बसता बसता “वादो” म्हणाली आणि थबकली. खाली उतरली, फाटकाच्या आत एक पाऊल टाकलं, “वेंगो” म्हणाली, आणि मग गेली.

निरोपाला बरोबर आलेली नागव्वा परतताना म्हणाली, “इटली काय हितलं मोहोळ गाव हाय व्हय? ती कशाची येतीया.”

“नाही यायची,” वच्छला म्हणाली. “पण म्हणून गेली ना.”

घरी आल्यावर तिनं दिवा लावला आणि पुस्तकाचा पुढचा धडा काढला.